शहराची ओसरी

जुलैच्या भर पावसात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून हुतात्मा चौकाकडे चालत जायचं असेल, तर दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलं की छत्री मिटता येते. पुढचा जवळपास किलोमीटरभर रस्ता बराचसा कमानींखालून जातो. मधल्या गल्ल्या ओलांडताना तेवढी छत्री उघडायची, पलीकडे गेलं की पुन्हा मिटायची. डाव्या हाताला दुकानांची दारं, उजव्या हाताला दगडी खांब आणि खांबांपलीकडे कोसळणारा पाऊस. घराला ओसरी असते तशी ही शहराची ओसरी आहे, आणि ती एका नियमातून जन्माला आली आहे.

1860च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि शहराला मोकळी जागा मिळाली. तेव्हा हा रस्ता हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. त्याच्या दुतर्फा व्यापारी इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा 1896च्या नियमाने एक अट घातली: तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग ठेवायचा. वरच्या मजल्यांना आपापली शैली ठेवायला वाव होता. म्हणून आज इथे गॉथिक, निओक्लासिकल, इंडो-सारसेनिक अशा वेगवेगळ्या धाटणीच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या दिसतात, तरी रस्ता एकसंध वाटतो. कमानींची ओळ त्यांना बांधून ठेवते.

मला या नियमाचं मोल वाटतं, कारण इमारतीचा जो भाग चालणाऱ्याच्या वाट्याला येतो, नेमका त्यालाच त्याने हात घातला. आपली नजर समोर आणि खाली जास्त पोचते. मान न वळवता खालच्या बाजूला साधारण 70 ते 80 अंशांपर्यंत दिसतं, वर मात्र 50 ते 55 अंशांपर्यंतच. त्यात चालताना डोकं किंचित खाली झुकलेलं असतं. त्यामुळे चाळीस मजली इमारतीच्या शेजारून जाणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात तिचा तळमजला तेवढा भेटतो.

आता वेगाचा हिशेब करू. माणूस ताशी 5 किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण 1.4 मीटर. दुकानाचा गाळा 5 मीटर रुंद असेल तर साडेतीन सेकंदांत नवं दार, नवी पाटी, नवा वास समोर येतो. त्याच जागी 50 मीटर लांबीची कोरी काचेची भिंत असेल, तर 36 सेकंद डोळ्यांना काहीच मिळत नाही. ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीतून तीच भिंत साडेचार सेकंदांत मागे पडते आणि छान, गुळगुळीत दिसते. अशी भिंत मोटारीच्या वेगासाठी बांधलेली असते. कोपनहेगनचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी हे वर्षानुवर्षं मोजून पाहिलं. शंभर मीटरमध्ये 15 ते 20 दारं असतील तर रस्ता जिवंत, असा त्यांचा ठोकताळा. कोपनहेगनमधल्या एका पाहणीत अशा जिवंत दर्शनी भागांपुढे माणसांची हालचाल, थांबणं, बोलणं हे बंद भिंतींपुढच्यापेक्षा सरासरी सातपट आढळलं.

कोपनहेगनला ऊन हवंहवंसं असतं, मुंबईत ते टाळायचं असतं. इथे कमानीची भूमिती कामाला येते. समजा कमान साडेचार मीटर उंच आहे आणि ओसरी तीन मीटर खोल. सूर्य क्षितिजापासून 56 अंशांच्या वर चढला की त्याचे किरण आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत. भिंतीलगत सावलीचा पट्टा तयार होतो आणि सूर्य चढेल तसा रुंदावत जातो. मुंबईत मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वादहाच्या सुमारास येते. शिवाय रस्ता साधारण उत्तर-दक्षिण असल्याने सकाळी एका बाजूची ओसरी सावलीत असते, दुपारनंतर दुसऱ्या बाजूची. सावलीत हवेचं तापमान फारसं कमी नसतं. फरक पडतो तो थेट उन्हाने: निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊर्जा येऊन आदळते, आणि कमान ती अंगावर येऊच देत नाही. बाजारात आलेली बाई मुलाचं बोट धरून तासभर फिरू शकते की दहा मिनिटांत टॅक्सी शोधते, हे त्यावर ठरतं. दुकानदाराचा गल्लाही.

काळाच्या ओघात या कमानी पाट्यांनी झाकल्या गेल्या होत्या. एकेका कमानीवर तीन-तीन जाहिराती, कोरीव काम पत्र्याआड. मग पाट्या कमानीच्या आत आणि मापात बसवायच्या असं ठरलं, दुकानदार त्यासाठी तयार झाले, आणि या रस्त्याच्या कामाला 2004 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पाटी कुठे आणि केवढी हा मला बांधकामाच्या नियमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आपल्याकडच्या नव्या व्यापारी इमारतींत मात्र नियमांचं वजन उलट बाजूला पडतं. पुढे मोकळं अंतर सोडायचं, त्यात गाड्या उभ्या राहतात. तळाशी वाहनतळाचे खांब, त्यावर पोडियम, म्हणजे इमारतीखालचा रुंद चौथऱ्यासारखा भाग. वाहनतळाचा तो खांबांवरचा मोकळा तळमजला (स्टिल्ट) एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मंजूर होणाऱ्या बांधकामात, धरत नाहीत, म्हणून बांधणाऱ्याला तोच परवडतो. मी राहतो त्या उपनगरात अशीच एक इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना आधी गाड्यांचा उतार, मग सुरक्षारक्षकाची चौकी, मग जाळीची लांब भिंत. पावसात आडोशाला थांबावं अशी हातभरही जागा नाही. 1896च्या नियमात मालकाला ओसरीच्या डोक्यावर मजले चढवता येत होते, म्हणजे पादचाऱ्याला जागा देऊनही त्याचं फार काही जात नव्हतं. सवलत आजही देतोच आहोत, फक्त ती गाडीला देतो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यापारी भागात पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान 2.5 मीटर हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. या दुसऱ्या मापात आपली जुनी ओसरीही काही ठिकाणी नापास होते. गल्लीच्या तोंडाशी पायऱ्या उतरायच्या, पलीकडे पुन्हा चढायच्या. परवा तिथे एक आजोबा काठी टेकवत, खांबाला हात लावून, एक-एक पाय खाली ठेवत होते आणि मागची गर्दी थांबून राहिली होती. तिथे पुरेसा लांब, सौम्य उतार आणि खांबालगत स्वतंत्र लोखंडी कठडा लावायला जुन्या दगडाला धक्का लावायची गरज पडू नये.