हाडानं धरलेला स्क्रू

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हल्ली कवळीच्या आधी इम्प्लांटचं नाव असतं. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, वर कॅप. दात घडवायची कारागिरी तशी जुनीच. घोडं अडलं होतं ते हाडापाशी.

शिंपल्यापासून पाणघोड्याच्या दातापर्यंत माणसानं तोंडात काय काय बसवून पाहिलं. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर मेलेल्या सैनिकांचे दात काढून युरोपात कवळ्यांना लावले जात. पुढे व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर आलं, १९३० च्या दशकात अॅक्रिलिक आलं आणि आपल्या आजी-आजोबांची गुलाबी हिरड्यांची कवळी तयार झाली. तिची खोट मात्र तिच्यात नव्हतीच. दात गेला की त्याला धरणारं हाड झिजत जातं, त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी हलायला लागते. मग कोल्हापुरात राहून मटणाचं हाडूक दुसऱ्याच्या ताटात सरकवायची वेळ येते!

यावरचा तोडगा दाताचा विचारही नसलेल्या माणसाला सापडला. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतलं रक्ताभिसरण पाहत होते. नळी महागाची, म्हणून पुन्हा वापरायला काढू गेले तर निघेना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. टायटॅनियमवर हवेनं आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो. शरीर त्याला परकं मानत नाही.

१९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसले. २००६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते टिकले. तरीही स्वीडिश दंतवैद्य बराच काळ या कामाकडे संशयानंच पाहत होते. अमेरिका-कॅनडात खरी दाद मिळाली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर. त्याआधी, १९७८ मध्ये, हे स्क्रू बनवायला पुढे आलेली कंपनी होती बोफोर्स. हो, तोफावालीच. उद्यमनगरात लेथवर उभं राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही; बारीक मापाचं काम ज्याला जमतं, तो काहीही बनवतो.

ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीतला मुख्य भाग स्क्रू नव्हे, सबुरी होती, असं माझं मत. हाडाला भोक पाडताना सलाइनचं गार पाणी सोडत, सावकाश. हाड मिनिटभर ४७ अंशांच्या वर तापलं तर इजा होते आणि स्क्रू धरत नाही. मग हिरडी शिवून खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात सहा महिने थांबायचं, कारण वरचं हाड जास्त पोकळ. तोवर चावायचा दाब नाही.

आपल्याकडे दंतवैद्यकाचं शिक्षणच उशिरा आलं. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० मध्ये देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं १९३३ मध्ये. १९४८ च्या कायद्यानं पदवी नसलेल्या, पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठीही नोंदणीचा वेगळा भाग ठेवला. दात बसवण्याचा धंदा कॉलेजच्या आधीपासून बाजारात होता, त्याची ही सरकारी पावतीच. आज कोल्हापूर जिल्ह्यातच, नवे पारगावला, डेंटल कॉलेज आहे.

आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, त्यामुळे हाड लवकर धरतं आणि थांबणं काही आठवड्यांवर येतं. स्क्रू सुरुवातीलाच हाडात घट्ट बसला तर तात्पुरता दात त्याच दिवशीही लावतात. जाहिरातीत ‘एका दिवसात दात’ एवढंच उरतं. त्यातला ‘तर’ तपासताना डॉक्टर हाडाची जाडी पाहतात, साखर ताब्यात आहे का विचारतात, आणि सिगारेट, तंबाखू, मिश्रीचं खरं सांगायला लावतात. तिथे उत्तर लपवलं तर महागाचा स्क्रू हलून बाहेर यायची शक्यता वाढते.