पिक नंबर एक: ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ड्राफ्टमागची गोष्ट

२० नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियममध्ये ड्राफ्ट होता, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडायचा कार्यक्रम. त्यात पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सनं हार्ली रीडचं नाव पुकारलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. उत्तर व्हिक्टोरियातल्या टोंगाला या दूधदुभत्याच्या गावातला हा पोरगा पहिला जाणार, हे चाहते वर्षभर धरून चालले होते. वाद वेगळेच होते. ईगल्सनी त्या हंगामात २३ पैकी फक्त ३ सामने जिंकले होते. अशा संघानं एकच हिरा घ्यावा, की हा पिक, म्हणजे निवडीची पाळी, विकून तीनचार चांगली पोरं आणावीत? घरापासून अडीच हजार किलोमीटरहून लांब पर्थला हा टिकेल का? आणि त्याच रात्री गोल्ड कोस्ट क्लबनं ३, ९, १४ आणि २६ या क्रमांकांवर आपल्या अकादमीतली चार पोरं उचलली, हा कुठला न्याय?

फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, नवख्या वाचकाला ही भाषा कोड्यासारखी वाटते. पिक, बिड, पॉइंट्स, अकादमी, प्रायॉरिटी. यातला एकेक शब्द जुन्या कुठल्यातरी भांडणातून आला आहे. एक फट बुजवायला नियम केला, त्या नियमातून दुसरी फट पडली, ती बुजवायला पुढचा नियम. ड्राफ्टचा सगळा इतिहास या क्रमानं वाचला की चाहत्यांचे वाद नीट कळतात.

खेळाची ओळख दोन ओळींत. लंबगोल मैदान, प्रत्येक संघात १८ खेळाडू, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, १ गुण. आजची एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) म्हणजे १९९० पर्यंतची व्हीएफएल, व्हिक्टोरियन फुटबॉल लीग. म्हणजे मुळात एका राज्याची, त्यातही मेलबर्नच्या उपनगरांची लीग.

त्या काळी ड्राफ्ट नव्हता, हद्दी होत्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मेलबर्नची उपनगरं क्लबांत वाटलेली होती. तू ज्या गल्लीत राहतोस तिथल्या क्लबचा. गावाकडचे खेळाडू मात्र मोकळे होते, आणि ज्याच्या खिशात पैसा तो त्यांना आणायचा. १९३० मध्ये लीगनं कूल्टर कायदा करून सामन्यामागे ३ पौंडांची कमाल मर्यादा घातली. ती कागदावर राहिली आणि पैशाऐवजी नोकऱ्या वाटल्या जाऊ लागल्या. शेवटी १९६८ च्या हंगामापासून गावाकडचा मुलूखही १२ क्लबांत वाटून टाकला.

ही वाटणी अन्यायाची ठरली आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. लोकवस्ती सरकते, हद्द सरकत नाही. हॉथॉर्नच्या वाट्याला मॉर्निंग्टन द्वीपकल्पाचा पट्टा आला. मेलबर्न तिकडेच पसरत होतं, नवी घरं, नवी कुटुंबं, नवी पोरं. चेल्सीचा ली मॅथ्यूज आणि पुढे फ्रँकस्टनचा डर्मट ब्रेरटन हे तिथलेच. १९६८ आधी एकच अजिंक्यपद असलेल्या हॉथॉर्ननं १९७१, १९७६ आणि १९७८ ही तीन वर्षं जिंकली. वस्ती आटत चाललेला दुष्काळी मुलूख ज्यांच्या वाट्याला आला, ते बघत बसले. हॉथॉर्नचा संघ चांगला होता, त्यात वाद नाही, पण नकाशानंही हातभार लावला होता.

हद्दींना पहिला तडा गेला तो लीगच्या स्वतःच्या नियमानं. दहा वर्षं एका क्लबकडे काढलेला खेळाडू हवा तिथे जाऊ शकतो, अशी मुभा १९७२ मध्ये दिली गेली. नॉर्थ मेलबर्ननं झडप घालून डग वेड, बॅरी डेव्हिस आणि जॉन रँटॉल आणले आणि १९७५ मध्ये पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवलं. तोवर घाबरून लीगनं मुभा मागे घेतली होती.

दुसरा तडा कोर्टात गेला. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब उचलून सिडनीला नेला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्नमध्येच राहून सेंट किल्डाकडून खेळायचं होतं, आणि लीग सोडायला तयार नव्हती. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की लीगचे हे नियम माणसाच्या धंद्यावर अवाजवी बंधन घालतात. या निकालानं हद्दी, ताबा, परवाने हा सगळा डोलारा पोकळ झाला. क्लब तर कर्जात बुडालेले. काहीतरी नवं उभं करणं भागच होतं.

नवं म्हणजे दोन गोष्टी एकत्र: पगाराला कमाल मर्यादा आणि अमेरिकेच्या धर्तीवर ड्राफ्ट. तळाचा संघ पहिला निवडणार, विजेता शेवटी. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत होते. लिलावात ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. इथे पैसा बोलत नाही, पाळी बोलते. आयपीएलमध्येही २००८ साली १९ वर्षांखालच्या मुलांसाठी लिलावाऐवजी असाच पाळीचा ड्राफ्ट झाला होता आणि विराट कोहली त्यातूनच बंगळुरूकडे गेला. दिल्लीनं आधी प्रदीप सांगवानला घेतलं होतं. म्हणजे ‘हा का घेतला, तो का सोडला’ हा खेळ आपल्याही ओळखीचा आहे.

पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट १९८६ च्या नोव्हेंबरात झाला. पहिला पिक मार्टिन लेस्ली, पोर्ट ॲडलेडचा, नव्यानं येणाऱ्या ब्रिस्बेन बेअर्सनी घेतला. तो प्रत्यक्ष मैदानावर उतरला १९८९ मध्ये. दुसऱ्या वर्षीचा पहिला पिक रिचर्ड लाउंडर रिचमंडकडून एकूण ४ सामने खेळला. निवड इतकी कच्ची का? कारण चाचपणीची यंत्रणाच नव्हती. ॲडलेड आणि पर्थच्या लीगमधल्या खेळाडूंबद्दल कानावर येईल त्यावर नावं पुकारली जात, आणि पुष्कळ जणांना मेलबर्नला यायचंच नसे. यंत्रणा आली ती नव्वदच्या दशकात. १९९२ पासून व्हिक्टोरियात १८ वर्षांखालच्यांची टीएसी कप स्पर्धा सुरू झाली, आजची टॅलेंट लीग तीच. बेंडिगो पायोनियर्स, जीलाँग फाल्कन्स, मरे बुशरेंजर्स हे त्यातले संघ, रीड बेंडिगोचा. त्याच दशकात कॅनबेराच्या क्रीडा संस्थेत ड्राफ्ट कँप भरू लागला. २० मीटर धाव, जागेवरून आणि धावत येऊन उंच उडी, चपळाईची चाचणी, दमसासाची चाचणी, मुलाखती, वैद्यकीय तपासणी. दमसासासाठी पूर्वी बीप टेस्ट होती, आता २ किलोमीटरची धाव घेतात.

या आकड्यांवर चाहते फार भुलतात. २० मीटर २.९ सेकंदांच्या आत धावलेला पोरगा लगेच ‘पुढचा अमका’ होतो. पण फूटीत २० मीटर सरळ मोकळं धावायला मिळतं कितीदा? चेंडू जमिनीवर, दोन अंगं अंगावर, अशा वेळी हात स्वच्छ आहेत का, दुसऱ्या पायानं लाथ मारता येते का, हे घड्याळ सांगत नाही.

२००१ चा ड्राफ्ट याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण. पहिला पिक फ्रीमँटलचा होता. त्यांनी तो २० आणि ३६ या पिकांसह हॉथॉर्नला दिला आणि बदल्यात ट्रेंट क्रोड व ल्यूक मॅकफार्लिन घेतले. हॉथॉर्ननं १ वर ल्यूक हॉज उचलला, ३६ वर सॅम मिचेल. दोघंही पुढे अजिंक्य हॉथॉर्नचे कर्णधार, चारचार अजिंक्यपदं. क्रोड दोन हंगामांत हॉथॉर्नला परत आला, म्हणजे फ्रीमँटलकडे मॅकफार्लिन तेवढा उरला. तो मात्र चांगला निघाला. त्याच वर्षी ३ वर क्रिस जड, ४० वर गॅरी ॲब्लेट धाकटा, ५८ वर डेन स्वान. या यादीतल्या मिचेल, जड, ॲब्लेट आणि स्वान या चौघांच्या नावावर आज ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आहे. ५८ पर्यंत स्वान शिल्लक राहतो, यावरून क्लबांच्या नजरेची खात्री किती धरायची ते समजा.

ॲब्लेट ४० वर का? तो ४० च्या लायकीचा होता म्हणून नव्हे. बापलेक नियम. ज्याच्या बापानं क्लबसाठी ठराविक सामने खेळले (आज १००), त्या मुलावर क्लबचा पहिला हक्क. हा नियम १९४० च्या दशकाच्या अखेरीस आला. तोब्रुकच्या लढाईत मारल्या गेलेल्या खेळाडूचा मुलगा रॉन बरासी मेलबर्नकडेच राहावा, ही त्यामागची गाजलेली कहाणी. ड्राफ्टमध्ये हा भावनेचा नियम तसाच घुसवला गेला आणि किंमत ठरली तिसऱ्या फेरीतला पिक. २००६ मध्ये जीलाँगनं टॉम हॉकिन्सला ४१ वर घेतलं. खुल्या बाजारात तो अगदी वरच्या पिकांत गेला असता. इतर क्लब चिडले आणि २००७ पासून बोली आली: दुसऱ्या क्लबनं आपल्या पिकावर त्याचं नाव लावायचं, मूळ क्लबनं पुढचा पिक देऊन ते जुळवायचं.

तेही ढोबळ ठरलं, म्हणून २०१५ पासून गुणतक्ता. २०२४ पर्यंत तो असा होता. पिक १ म्हणजे ३००० गुण, पिक २ म्हणजे २५१७, पिक ३ म्हणजे २२३४, पिक ४ म्हणजे २०३४, पिक १८ म्हणजे ९८५, पिक ४० म्हणजे ४२९. जुळवणाऱ्याला पहिल्या फेरीत २० टक्के सूट असे. आता हिशोब करून बघा. चौथ्या पिकावर बोली लागली: २०३४ वजा २० टक्के, म्हणजे भरायचे १६२७. पिक ३८ (४६५), ४० (४२९), ४२ (३९५) आणि ४४ (३६२) यांची बेरीज १६५१. चार मधलेच पिक देऊन देशातला चौथा खेळाडू घरात, वर २४ गुण शिल्लक. २०२१ मध्ये निक डायकॉस कॉलिंगवुडला चौथ्या क्रमांकावर मिळाला तो गोल्ड कोस्टची बोली जुळवूनच. म्हणून ड्राफ्टच्या आदल्या महिन्यात क्लब चांगला पिक विकून चाळिशीतले चिल्लर पिक का गोळा करतात, हे कळलं की निम्मे वाद मिटतात. गोल्ड कोस्टच्या त्या चार पोरांमागेही हीच चिल्लर होती. फूटीची मुळं नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या क्लबांना स्वतःच्या अकादमीतल्या मुलांवर असाच हक्क आहे. ओरड झाल्यावर लीगनं मागल्या पिकांचे गुण कापले आणि २०२५ पासून सूट १० टक्क्यांवर आणली.

या सगळ्यात लाजिरवाणा भाग प्रायॉरिटी पिकचा. फारच हरणाऱ्या संघाला १९९३ पासून जास्तीचा पिक मिळू लागला. पुढे अट अशी झाली की ५ हून जास्त सामने जिंकले नाहीत तर पहिल्या फेरीच्याही आधी एक पिक. २००६ पासून मर्यादा ४ विजयांवर आणि पहिल्या फेरीआधीच्या पिकसाठी सलग दोन हंगामांची अट. आता हंगामाच्या शेवटी ४ विजयांवर बसलेल्या संघानं पाचवा जिंकावा कशाला? २००७ च्या शेवटच्या फेरीत कार्लटन आणि मेलबर्न भिडले, त्या सामन्याला चाहत्यांनी ‘क्रूझर कप’ नाव ठेवलं. कार्लटन हरलं, मॅथ्यू क्रूझर पहिल्या पिकवर मिळाला, आणि नेहमीच्या पाळीचा ३ रा पिक क्रिस जडला आणण्याच्या सौद्यात वापरता आला. मेलबर्ननं २००८ मध्ये ३ आणि २००९ मध्ये ४ सामने जिंकून २००९ च्या ड्राफ्टचे पहिले दोन्ही पिक मिळवले. २०१३ मध्ये लीगनं क्लबला ५ लाख डॉलर दंड केला, मुद्दाम हरल्याचं मात्र सिद्ध झालं नाही असंही सांगितलं. त्या पहिल्या पिकवर घेतलेला टॉम स्कली दोन हंगामांनी नव्या जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) क्लबकडे निघून गेला. आपोआप मिळणारा प्रायॉरिटी पिक २०१२ पासून बंद आहे.

पहिल्या पिकचे खेळाडू फसतात ते बहुतेक दोन जागी. एक, उंच फॉरवर्ड. १८ व्या वर्षी उंची पूर्ण झालेली असते, अंगात भरलेलं नसतं, आणि समोर शंभर किलोचा तिशीतला बचावपटू. जॅक वॉट्सवर पदार्पणापासून देशाचे डोळे होते; जोनाथन पॅटन गुडघ्याच्या शस्त्रक्रियांत अडकला; पॅडी मॅकार्टिन डोक्याला वारंवार झालेल्या दुखापतींत. मिडफिल्डर लवकर तयार होतात. सॅम वॉल्श पहिल्याच हंगामात, २०१९ मध्ये, रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू, ठरला. पण तिथेही शरीराचा भरवसा नाही: मॅट रॉवेलनं २०२० चे पहिले सामने गाजवले आणि पाचव्या फेरीत खांदा गेला.

दुसरी जागा, घराची ओढ. २०१३ च्या शेवटी ब्रिस्बेनमधून पाच तरुण खेळाडू एकदम निघाले, त्यांत पुढे नावारूपाला आलेले इलियट यो आणि सॅम डोकर्टी होते. २०२१ चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. नॉर्थ मेलबर्नमध्ये एक हंगाम काढून तो पोर्ट ॲडलेडला परतला. म्हणून रीडचं नाव पुकारलं त्या रात्रीही व्हिक्टोरियातल्या चाहत्यांचा पहिला हिशोब त्याच्या लाथांचा नव्हता. त्याचा पर्थचा करार कधी संपतो, याचा होता.