सहवीजनिर्मिती : शासकीय धोरण आणि साखर उद्योगाचा पाठपुरावा (सातारा–सांगली)

एकाच इंधनापासून एकाच वेळी कामाची उष्णता आणि वीज मिळवणे म्हणजे सहवीजनिर्मिती. विद्युत अधिनियम, २००३ मधील व्याख्येचा आशयही हाच आहे : वीज धरून दोन किंवा अधिक प्रकारची उपयुक्त ऊर्जा एकाच वेळी देणारी प्रक्रिया. या व्याख्येत साखरेचा उल्लेख नाही. कागद, रसायने, कापड अशा वाफ लागणाऱ्या कोणत्याही उद्योगाला ती लागू पडते. सातारा–सांगलीत मात्र ‘कोजन’ म्हटले की साखर कारखानाच डोळ्यांपुढे येतो.

तत्त्व समजून घ्यायला गुऱ्हाळ पुरेसे आहे. कऱ्हाड भागातील गुऱ्हाळावर रस काढून उरलेले चिपाड वाळवून चुलवाणात घालतात आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटतो. कारखान्यात चुलवाणाच्या जागी बॉयलर आला आणि बॉयलर व रस यांच्यामध्ये टर्बाइन बसले. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि त्यातून वीज तयार होते. दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस तापवायला, आटवायला आणि पॅनमध्ये साखर धरायला जाते. केवळ विजेसाठी चालणाऱ्या औष्णिक केंद्रात इंधनातील ऊर्जेच्या साधारण एकतृतीयांश भागाचीच वीज होते, बाकीची बरीचशी उष्णता वाफ थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाया जाते. इथे ती साखर शिजवते.

एक टन ऊस गाळला की सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, उरतो आणि त्यात निम्मे पाणीच असते. पूर्वी २१ किंवा ३२ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाच्या बॉयलरवर कारखान्याची स्वतःची गरज भागली की काम संपत असे. उरलेल्या बगॅसचे ढीग ही डोकेदुखी होती. तो कसाबसा जाळून संपवणे हाही बॉयलरचा एक उद्देश असे. दाब ६७, ८७ किंवा ११० किलोपर्यंत नेला की त्याच बगॅसमधून कारखान्याची गरज भागून विकण्याजोगी वीज उरते. सगळे धोरण या उरलेल्या विजेभोवती फिरत आले आहे.

केंद्राचा बगॅस सहवीज कार्यक्रम १९९० च्या दशकात सुरू झाला. कायद्याचा खरा आधार मिळाला तो २००३ मध्ये. विद्युत अधिनियमाच्या कलम ८६(१)(ई) ने सहवीज आणि नवीकरणीय ऊर्जा या दोहोंना चालना देण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगांवर सोपवले. या दोन शब्दांत असलेल्या ‘आणि’वर पुढे मोठा वाद झाला, आणि तो महाराष्ट्रातूनच उभा राहिला. कोळशावरची सहवीज तयार करणाऱ्या कारखान्याने नवीकरणीय वीज विकत घ्यायलाच हवी का, असा प्रश्न होता. सेंच्युरी रेयॉन प्रकरणात विद्युत अपील न्यायाधिकरणाने २०१० मध्ये दोन्हींना सारखाच दर्जा असल्याचे मानले, म्हणजे अशा कारखान्यावर ती सक्ती नाही. २०१३ मध्ये लॉइड्स मेटल प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने सांगितले की, वितरण कंपनीवर जीवाश्म इंधनाची सहवीज घेण्याची सक्ती करता येणार नाही. बगॅस स्वतःच नवीकरणीय इंधन असल्याने बगॅसवाल्यांना या वादाची झळ बसली नाही. उष्णता वाचवणाऱ्या इतर उद्योगांचा दावा मात्र कमजोर झाला.

महाराष्ट्राने २००८ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात बगॅस सहवीजसाठी १००० मेगावॉटचे लक्ष्य ठेवले. २० जुलै २०१५ च्या एकत्रित धोरणात १४,४०० मेगावॉटपैकी पुन्हा १००० मेगावॉट, तर २०२० च्या धोरणात १७,३६० पैकी १३५० मेगावॉट बगॅसच्या वाट्याला आले. सुरुवातीच्या सवलतींत ऊस खरेदी करातील माफी सगळ्यांत मोलाची होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो करच उरला नाही. केंद्राने २०१८ मध्ये बगॅस प्रकल्पांना प्रति मेगावॉट २५ लाख रुपये साहाय्य जाहीर केले, पण २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात साहाय्य बगॅसव्यतिरिक्त जैवभाराच्या (शेतातील काडीकचरा वगैरे) सहवीजपुरतेच ठेवले. अंमलबजावणीची राज्यातील यंत्रणा म्हणजे महाऊर्जा, दर ठरवणारा वीज नियामक आयोग आणि ग्राहक प्रामुख्याने महावितरण.

या सगळ्या धोरणात एक निकष खरोखर विचारपूर्वक घातलेला आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. सवलतीच्या दरासाठी प्रकल्पाची उपयुक्त वीज आणि उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग यांची बेरीज हंगामात वापरलेल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त असावी लागते. उष्णतेला मोल आहे हे मान्य करणारा हा एवढाच नियम. अनुदान आणि दर मात्र मेगावॉट आणि युनिटवरच मोजले जातात. वाफ वाचवणाऱ्या कारखान्याला त्या बचतीचा मोबदला वेगळा मिळत नाही. बचत विजेत उतरली, तरच तिला पैसा येतो.

उद्योगाची मागणीही युनिटभोवतीच फिरते. राज्य सहकारी साखर कारखाना संघ, खासगी कारखान्यांची ‘विस्मा’ आणि कोजनरेशन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्था मंत्रालय, आयोग आणि दिल्ली अशा तिन्ही ठिकाणी बाजू मांडतात. तांत्रिक बळ १९७५ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे. आयोगाने ठरवून दिलेल्या दराच्या १३ वर्षांच्या करारांचा काळ गेला, स्पर्धात्मक निविदा आल्या आणि दर पाच रुपयांखाली उतरले. सौर वीज त्याहूनही स्वस्त झाली. २०२४ मध्ये राज्य शासनाने प्रति युनिट दीड रुपया अनुदान वर्षभरासाठी मान्य केले, सहा रुपयांच्या कमाल मर्यादेत. हे या पाठपुराव्याचे अलीकडचे यश.

कारखान्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. सहवीज गळीत हंगामात, म्हणजे पाऊस संपल्यावर, रात्रंदिवस मिळते. त्याच महिन्यांत टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप आणि रब्बीच्या विहिरींच्या मोटारी चालू असतात. वीज जवळच्या उपकेंद्रात जाते, दूरवरून आणावी लागत नाही. सूर्य मावळल्यावर सौर वीज नसते. गाळप रात्रीही चालू असते. दर ठरवताना या वेळेचे आणि जागेचे मोल धरायला हवे.

पण बगॅस उसातून येतो आणि ऊस शेतकऱ्याचा. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), यांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा उसाला देण्याचे सूत्र सुचवले. त्या सूत्रात बगॅसची किंमत धरली जाते, त्यापासून झालेल्या विजेची नाही. कारखान्याने बगॅस आपल्याच सहवीज प्रकल्पाला किती दराने दिला, यावर शेतकऱ्याच्या पदरात किती पडणार हे ठरते. विजेचा दर वाढवून मागताना कारखाना संघ इंधनाचा खर्च दाखवतात. त्याच बगॅसचा भाव ऊसदराच्या हिशेबात किती लागला, हे वाळवा किंवा कऱ्हाड तालुक्यातील सभासद वार्षिक सभेत विचारतो.