खिडकीतून सापडलेले लघुग्रह आणि १६१४ गोल्डश्मिट

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात रेम्ब्रांट आहे, वॅन गॉग आहे, पिकासोही आहे. या मंडळींना तिथे नेलं त्यांच्या चित्रांनी. १६१४ गोल्डश्मिट या लघुग्रहाचं (१६१४ हा त्याचा क्रमांक) तसं नाही. हेर्मान गोल्डश्मिट पोटापाण्याला चित्रकारच होता, पण आकाशात त्याचं नाव लागलं ते राहत्या घराच्या खिडकीमुळे.

जन्म १८०२ चा, फ्रँकफर्टचा. म्युनिकला चित्रकला शिकून तो पॅरिसला आला. १८४७ साली, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, सोर्बोनमध्ये त्याने चंद्रग्रहणावर लव्हेरिएचं व्याख्यान ऐकलं (नेपच्यून कुठे सापडेल हे आकडेमोडीने सांगणारा तो हाच) आणि त्याला आकाशाचं वेड लागलं. फ्लॉरेन्सच्या फेरीत त्याने गॅलिलिओची दोन व्यक्तिचित्रं केली होती. ती विकून दुर्बीण घेतली. भिंग जेमतेम दोन इंची!

कॅफे प्रोकोपच्या वर, सहाव्या मजल्यावर बिऱ्हाड. ताऱ्यांच्या नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा टिपून ठेवायची आणि पुढच्या रात्री तो सरकलाय का ते पाहायचं; सरकला असेल तर तो तारा नव्हे, लघुग्रह असू शकतो. या कामात कॅमेरा यायला अजून चाळीसेक वर्षं होती. चित्रकाराची नजर इथे उपयोगी पडली असणारच. १५ नोव्हेंबर १८५२ ला पहिला ठिपका हाती लागला. पॅरिस वेधशाळेचा प्रमुख आरागो याने त्याला पॅरिसचं जुनं लॅटिन नाव दिलं, ल्युटेशिया.

मग १८६१ पर्यंत एकूण १४. त्यातले दोन १९ सप्टेंबर १८५७ च्या एकाच रात्री. फजितीही झाली. १८५६ मध्ये सापडलेला डॅफ्ने लगेच हरवला. वर्षभराने तो पुन्हा दिसला असं त्याला वाटलं, पण कक्षेचं गणित मांडल्यावर तो निराळाच निघाला; त्याचं नाव मेलेटे. खरा डॅफ्ने १८६२ साली दुसऱ्याच कुणाला गवसला.

लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८६१ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं. १८६६ मध्ये तो गेला. १८ एप्रिल १९५२ ला, म्हणजे ल्युटेशियाच्या शंभराव्या वर्षी, बेल्जियममधल्या युक्ल वेधशाळेत आल्फ्रेड श्मिटला एक लघुग्रह सापडला. गोल्डश्मिट हे नाव मिळालं ते त्याला.

१० जुलै २०१० रोजी युरोपचं रोझेटा अंतराळयान ल्युटेशियापासून सुमारे ३,१७० किलोमीटरवरून गेलं. सहाव्या मजल्यावरून दिसलेला तो ठिपका म्हणजे शंभरएक किलोमीटर रुंदीचा, खड्ड्याखड्ड्यांचा ओबडधोबड खडक होता.