भरवंसो

गोमंतकातील कॅथलिक ख्रिस्ती समाजात संकटाच्या काळी खचून न जाता टिकून राहण्याच्या वृत्तीला आणि तिच्यामागील श्रद्धेला भरवंसो म्हणतात. शब्द कोंकणी, मराठीतला भरवसा तो हाच. ख्रिस्ती धर्मशास्त्रात तीन ईश्वरदत्त सद्गुण सांगितले आहेत. मराठी बायबलमध्ये ते विश्वास, आशा, प्रीती या नावांनी येतात, तर गोव्याच्या कोंकणी प्रार्थनांत भावार्थ, भरवंसो आणि मोग या नावांनी. मराठी कान इथे थोडा अडखळतो. आपल्याकडे भावार्थ म्हणजे ओवी-अभंगातला आशय. गोव्यातल्या चर्चमध्ये भावार्थ म्हणजे थेट श्रद्धा आणि भावार्थी म्हणजे श्रद्धावंत. आशा आणि भरवसा यांतला फरक तर याहून बोलका आहे. आशा एखाद्या गोष्टीची असते, भरवसा कोणावर तरी असतो. पाऊस पडेल अशी आशा धरता येते. भरवशाला समोर कोणीतरी लागते.

चर्चच्या शिकवणीत धैर्य वेगळे मोजले जाते. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार मुख्य नैतिक सद्गुणांपैकी ते एक. पण हा शब्द दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गापुरता राहिला. वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, कोणी ‘मला धैर्य आहे’ असे म्हणत नाही. ते आत्मप्रौढीचे वाटते. ‘देवाचेर भरवंसो दवर’, देवावर भरवसा ठेव, असे मात्र आजारी माणसाच्या उशाशी बसून सहज म्हटले जाते.

या कल्पनेचे शास्त्रातले मूळ अनेक ठिकाणी सापडते, पण दोन जागा महत्त्वाच्या. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक साखळी येते : क्लेशातून सहनशीलता, सहनशीलतेतून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा. आपण समजतो की आधी आशा असली म्हणजे माणूस सोसतो. पौल क्रम उलटा लावतो. आशा सोसण्याच्या शेवटी येते. दुसरी जागा क्रुसावरची. मरणाच्या घटकेला येशू बाविसाव्या स्तोत्रातला आक्रोश करतो, देवाने मला का टाकले असे विचारतो. भरवंशात तक्रारीला जागा आहे ती इथून. ईयोबाच्या पुस्तकात तर अध्यायच्या अध्याय देवाशी वाद आहे. देवावर रागावलेल्या माणसाचा विश्वास गेला, असे ख्रिस्ती परंपरा मानत नाही. घरच्या माणसावरच रागावता येते, हे कोणत्याही आजीला ठाऊक असते.

रोजच्या बोलण्यात ही वृत्ती काही ठरावीक शब्दांत दिसते. मयताच्या घरी ‘देवाची खुशी’ हे शब्द ऐकून नवखा मराठी माणूस दचकतो. घरात प्रेत आणि खुशी कसली? इथे खुशी म्हणजे इच्छा, मर्जी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ ही ओळ कोंकणीत याच शब्दाने म्हणतात. खुरीस म्हणजे क्रूस. ‘हरएकल्याक आपलो खुरीस’ म्हणजे ज्याचा त्याने वाहायचा भोग. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की घरोघर तेर्स म्हणतात. तेर्स हा पोर्तुगीज तेर्सू, म्हणजे तिसरा हिस्सा : दीडशे ‘नमान मारियें’च्या, म्हणजे येशूच्या आईला केलेल्या छोट्या प्रार्थनेच्या, पूर्ण जपमाळेतील पन्नास. त्यातल्या प्रत्येक ‘नमान मारिये’च्या शेवटी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनवणी कर, असे मागणे आहे. म्हणजे ज्या घरात रोज तेर्स होतो, तिथली शाळकरी पोरे रोज संध्याकाळी पन्नास वेळा आपल्या मरणाचा उच्चार करतात आणि मग जेवायला बसतात. बाहेरच्याला हे उदास वाटेल. मरण घरातल्या बोलण्यात आणून ठेवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तेर्स संपला की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून बेंसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा.

भरवंसो ही एकट्याने करायची साधना नाही, ही गोव्याची खास बाब, आणि ती दिसते वाड्यावरच्या खुरसापाशी. गोव्यात रस्त्याच्या वळणावर, शेताच्या बांधावर, माडांच्या कुळागराच्या तोंडाशी पांढरे क्रूस आहेत. कुठला साथीनंतर उभारला, कुठला अपघातानंतर, कुठला बोललेली आंगवण, म्हणजे नवस, फेडण्यासाठी. वर्षातून एकदा, बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, तिथे लादाईन, म्हणजे मारियेची गाऊन केलेली आळवणी, होते. आदल्या दिवशी वाड्यातली पोरे क्रुसाला चुना काढतात. संध्याकाळी अबोलीचे आणि झेंडूचे हार, मेणबत्त्यांची रांग, वाऱ्याने विझणारी एक मेणबत्ती पुन:पुन्हा पेटवणारी एखादी बाई. व्हायोलिनवाला तारा जुळवतो आणि लातिनमधली लादाईन सुरू होते. एक जण मारियेचे एकेक बिरूद गातो, बाकीचे ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनवणी कर, म्हणत उत्तर देतात. अर्थ फार थोड्यांना कळतो, पण सूर सगळ्यांना येतात, आणि जाड आवाजाचे दोन-तीन म्हातारे खालचा सूर बरोबर धरतात. शेवटी वाड्यातल्या मेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, तारवावर, म्हणजे जहाजावर, गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. मग खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले उकडलेले चणे वाटतात आणि मोठ्यांना फेणीचा घोट. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन शेजारीही चण्यासाठी ओंजळ पुढे करतात. या चण्यांना धर्मशास्त्रात स्थान नाही. वाड्याच्या धीरात आहे.

गोव्यातल्या चर्चांची नावे ओळीने वाचली तर लोकांना कशाची भीती होती हे कळते. कुंकळ्ळी आणि सांकवाळ येथील चर्चे सावदी सायबिणीची, म्हणजे आरोग्यमातेची; सायबीण म्हणजे मारिया. सुकूर हे गावाचे नावच मदतीच्या मातेवरून, सोकोरु या शब्दावरून, पडले. रायबंदरची आजुद, म्हणजे साहाय्याची माता. बेताळभाटीची रेमेदी, म्हणजे उपायांची. म्हापशाची मिलाग्र, म्हणजे चमत्कारांची. आणि कांदोळी व चिंचिणी या दोन्ही गावांची चर्चे एस्पेरांस सायबिणीची, म्हणजे अक्षरशः भरवंशाची. यामागे कारणही होते. जुने गोवे हे एकेकाळचे भरभराटीचे शहर साथीच्या तापांनी पोखरत गेले, लोक ते सोडून गेले, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. सांकवाळच्या सावदी सायबिणीचे चर्च १८३४ मध्ये आगीत गेले. आज तिथे फक्त दर्शनी भिंत उभी आहे.

याच सांकवाळ गावाशी घराण्याचे नाते असलेले जोझे वाझ (१६५१–१७११) हे भरवंशाचे गोमंतकीय उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जातात. जन्म बाणावलीचा, आजोळी. जुन्या गोव्यातील ओरेटरी या धर्मगुरूंच्या संघाचे हे पाद्री १६८७ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. किनारपट्टीवर डच सत्ता होती आणि कॅथलिक उपासनेला बंदी. वाझ भिकाऱ्याच्या वेशात गेले. वाटेत हगवणीने इतके आजारी पडले की मरणाच्या दारात होते. उठल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत हिंडले. माळ पाहून ज्या घरातल्या माणसांची नजर बदले, ते घर लपलेल्या कॅथलिकांचे, हे त्यांनी ओळखायचे. पुढे कँडीच्या राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. पण १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक घरच्या रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ तिथेच राहून त्यांची शुश्रूषा करत होते. राजाचा विश्वास त्यांनी मिळवला तो अशा कामातून. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. १६ जानेवारी हा त्यांचा सण. त्यांच्या चरित्रातले चमत्कार कीर्तनासारखे रंगवून सांगितले जातात, पण चमत्कारांपेक्षा ती भिकेची झोळी आणि दाराशी उभे राहून घरच्या माणसांची नजर वाचणे अधिक लक्षात राहते.

मराठी भाषेचाही या इतिहासात वाटा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघी (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि ऐकायला त्या तोडीचे काही हाती नव्हते, या उणिवेतून हा ग्रंथ झाला. पोथी ऐकत मन शांत करण्याची सवय बाप्तिस्म्याने जात नसते. येशूचे दुःखभोग या लोकांनी मराठी ओवीत ऐकले, ही गोष्ट आज मराठी आणि कॅथलिक दोन्ही समाज जवळजवळ विसरले आहेत.

याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, चालू होते. ज्यांनी देवळे पडताना पाहिली, ज्यांनी रातोरात देव उचलून नदीपार नेले, त्यांचाही धीर होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. नवख्रिस्ती माणसालाही हेच शासन छळत होते : सोवळे धोतर नेसले, जुनी गाणी म्हटली, दारात तुळस ठेवली, तर चौकशी. दोन्हीकडच्या घरांत सोसण्याची आठवण आहे, आणि कित्येकदा आडनावामागचे मूळ कुळ एकच.

१६८३ चा प्रसंग मराठी वाचकाला संभाजीराजांच्या बाजूने माहीत असतो. नोव्हेंबरात मराठे जुवे बेटावरचा किल्ला घेऊन जुन्या गोव्याच्या दारात आले. शहरात मदतीची वाट नव्हती. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने बॉम जेझू बासिलिकेत जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि राज्य संताच्या हवाली केले. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठे मागे फिरले. गोवेकरांच्या लेखी मात्र ‘गोंयच्या सायबा’ने, म्हणजे याच संताने, शहर राखले. याच व्हाइसरॉयने पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. संताच्या पायाशी लोळणारा माणूस लोकांच्या जिभेवर उठतो, हे भरवंशाच्या इतिहासातले एक कडू पान.

आजची रीत बरीच मिसळलेली आहे. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू भाविक तेल घेऊन येतात. शिरगावच्या लईराई देवीची ही बहीण, असे लोक मानतात. तळावलीच्या सांत आनाच्या फेस्ताला मूल नसलेली जोडपी तवशी, म्हणजे काकड्या, अर्पण करतात. पिलारला फादर आग्नेल (१८६९–१९२७) यांच्या समाधीवर चिठ्ठ्या ठेवणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. परीक्षा, नोकरी, दारूचे व्यसन, पोटातली गाठ. गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजत नाही. तिच्या जागी लाकडी खटखटा वाजतो, आणि तो कोरडा आवाज ऐकून ज्यांना रडू येते ते सांगतात की भरवंसो या दिवशी सर्वांत जवळचा वाटतो.

गोव्याच्या कॅथलिक घरांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली : तारवटी म्हणून जहाजांवर, मग आखातात, आणि अलीकडे, २०२० अखेरपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, विशेषतः स्विंडन शहरात. काही घरांत तेर्स फोनच्या पडद्यावर होतो. गोव्यात हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, तिकडे दुपारचे दोन. शेवटचे ‘नमान मारिये’ झाले की तिकडचा नातू पडद्याकडे हात जोडून ‘बेंसांव, शामाय’ (आजी) म्हणतो, आणि इकडे आजी चष्मा वर करून त्याच्या कपाळाच्या रोखाने काचेवर अंगठ्याने खुरीस काढते.