ह्यू ग्रँट चाचरतो, कॉलिन फर्थ गप्प राहतो

"तो 'नॉटिंग हिल'मधला पुस्तकवाला, त्यालाच पुढे राजाच्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं ना?" दर काही महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतं. नाही मिळालं. पुस्तकांचं दुकान चालवणारा तो ह्यू ग्रँट. राजा झाला तो कॉलिन फर्थ. ऑस्कर फर्थकडे आहे.

घोळ कुठून सुरू होतो ते मला कळतं. ग्रँटचा जन्म ९ सप्टेंबर १९६०चा, लंडनमधल्या हॅमरस्मिथचा. फर्थचा १० सप्टेंबर १९६०चा, हॅम्पशायर परगण्यातला. एका दिवसाचं अंतर. १९९५ मध्ये दोघांनीही जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांतली कामं केली. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या सिनेमातला एडवर्ड फेरर्स ग्रँटचा, बीबीसीच्या सहा भागांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेतला नायक डार्सी फर्थचा. ओल्या सदऱ्यातला, तळ्यावरून चालत येणारा तो फर्थच, आणि तो प्रसंग कादंबरीत नाही. २००५ च्या सिनेमातला डार्सी तिसराच, मॅथ्यू मॅकफेडन. 'लव्ह अ‍ॅक्च्युअली'त पंतप्रधान ग्रँट, पोर्तुगीज शिकणारा लेखक फर्थ. नावांचा गोंधळ एवढ्यावर मिटायला हरकत नाही.

मला खरा त्रास होतो तो पुढच्या वाक्याचा: "काय फरक पडतो, दोघं करतात तेच ना? लाजाळू, अडखळत बोलणारा सभ्य इंग्रज." हे वाक्य दोघांवरही अन्याय करतं. ग्रँटवर जास्त.

ग्रँटचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला. १९८७ चा 'मॉरिस' हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. तो निर्माण केला इस्माईल मर्चंट या मुंबईत जन्मलेल्या माणसानं, आणि त्यासाठी व्हेनिसच्या महोत्सवात ग्रँट आणि जेम्स विल्बी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. म्हणजे जग त्याला ओळखू लागण्याच्या सात वर्षं आधी एक गंभीर नट तिथे होताच. मग १९९४ मध्ये 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' आला, बाफ्टा (ब्रिटनचा सिनेमा-पुरस्कार) आणि गोल्डन ग्लोब मिळाले, आणि १९९९ च्या 'नॉटिंग हिल'नं तो आपल्या घराघरांत पोचला.

आता थांबायची जागा. आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो: चाचरणं आणि तोतरेपणा. ग्रँटबद्दल लिहिताना लोक 'तोतरं बोलणारा नायक' असं लिहितात. ग्रँट तोतरं बोलत नाही, तो चाचरतो. चाचरणाऱ्याकडे शब्दांची कमतरता नसते. शब्द जास्त झालेले असतात. एक उचलतो, आवडत नाही, ठेवतो, दुसरा उचलतो, मध्येच माफी मागतो, मग भलत्याच विषयावर जातो. तोतरेपणात नेमका शब्द माहीत असतो, कधी कधी कागदावर समोर लिहिलेलाही असतो, आणि तरी तो घशातून बाहेर येत नाही. पहिली गोष्ट स्वभावाची किंवा प्रसंगाची, दुसरी वाणीची अडचण. ज्यांना ती अडचण खरोखर असते त्यांच्यासमोर तरी हे दोन शब्द जपून वापरावेत.

'फोर वेडिंग्ज'मधला थेम्सच्या काठावरचा प्रसंग आठवा. ग्रँटच्या चार्ल्सला कॅरीला सांगायचंय की माझं तुझ्यावर प्रेम बसलंय. तीन-चार शब्दांचं काम. तो आधी सांगतो की हा प्रश्न मूर्खपणाचा आहे, मग वाक्य अर्ध्यावर सोडतो, फिरून येतो, आणि शेवटी प्रेमाची कबुली देतो ती एका पॉप गायकाच्या गाण्यातले शब्द उसने घेऊन. वर त्या गायकाचं नाव सांगतो, तो तेव्हा कोणत्या बँडमध्ये होता तेही सांगतो. हा माणूस गप्प बसलेला नाही. तो अखंड बोलतोय, आणि त्या बोलण्याच्या आड लपतोय. 'नॉटिंग हिल'मध्येही तेच. सिनेतारका अ‍ॅना स्कॉटला भेटायला गेलेला पुस्तकवाला विल्यम चुकून पत्रकारांच्या रांगेत सापडतो, स्वतःला घोड्यांच्या मासिकाचा वार्ताहर म्हणवतो आणि तिच्या अंतराळातल्या सिनेमात घोडे आहेत का असं विचारतो. कोंडीत सापडल्यावर ग्रँटच्या नायकाची जीभ सुटते.

याला कुणी 'फंबल', म्हणजे नटाचं वाक्यात अडखळणं, म्हणालं तर मी भांडेन. नाटक करणाऱ्यांना विचारा, असं चाचरणं किती कठीण असतं. प्रत्येक तुटक शब्द ठरलेल्या जागी पडावा लागतो. अर्धा क्षण उशीर झाला तर नट वाक्य विसरलाय असं वाटतं, अर्धा क्षण लवकर आला तर पाठ केलेलं वाटतं. ग्रँटचं टायमिंग तिथे कधीच चुकत नाही. त्याचे सिनेमे डब करून बघणाऱ्यांना हे दिसणारच नाही. डबिंगमध्ये ती अर्धी वाक्यं सरळ करून टाकलेली असतात आणि मागे उरतो एक डोळे मिचकावणारा, बऱ्या चेहऱ्याचा तरुण. मूळ आवाजात बघा, खाली अक्षरं लावा, पण मूळ आवाजातच बघा.

आणि तो माणूस ग्रँट स्वतः नव्हता. ही लकब लेखक रिचर्ड कर्टिसची, असं ग्रँटनंच सांगितलंय. यश मिळाल्यावर आपण खऱ्या मुलाखतींतही तसंच वागत गेलो आणि ती चूक झाली, हेही त्यानं कबूल केलंय. लोकांनी भूमिकेलाच माणूस मानलं, ते इथून.

आता फर्थ. त्याचा डार्सी बघताना मी एकदा मुद्दाम फक्त त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवून बसलो होतो. ते बहुतेक वेळ मिटलेलं असतं. पेम्बर्ली या त्याच्या वाड्याच्या दिवाणखान्यात त्याची बहीण पियानोवर बसली आहे, नायिका एलिझाबेथ तिच्याजवळ उभी आहे, आणि डार्सी समोरून बघतोय. संवाद नाही. चेहऱ्यावर फारशी हालचालही नाही. तरी त्या नजरेत इतकं काही घडतं की पुढचा अर्धा भाग आपण त्याच नजरेच्या भरवशावर बघतो. ग्रँट शब्दांआड लपतो, फर्थ मौनाआड. एकाच्या बाबतीत प्रेक्षक म्हणतो, अरे, आता थांब की! दुसऱ्याच्या बाबतीत म्हणतो, अरे, आता तरी बोल!

'लव्ह अ‍ॅक्च्युअली' मला फारसा आवडत नाही. गोष्टी फार आणि त्यांना जागा कमी. पण त्यात हा भेद स्वच्छ दिसतो. फर्थचा जेमी ज्या बाईच्या प्रेमात पडतो तिला इंग्रजी येत नाही, त्याला पोर्तुगीज येत नाही. म्हणजे लेखकानं त्याच्याकडून भाषाच काढून घेतली आहे. भरलेल्या हॉटेलात, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये तो मागणी घालतो तेव्हा एकेक शब्द खाणीतून काढल्यासारखा येतो. हीच भूमिका ग्रँटला दिली असती तर ती कोसळली असती. ग्रँटला भाषा लागते.

त्यामुळे 'द किंग्ज स्पीच' फर्थकडे गेला यात मला योगायोग दिसत नाही. २०१० चा सिनेमा. राजा सहावा जॉर्ज, आणि त्याचा तोतरेपणा खरा. पटकथा लिहिणारे डेव्हिड साइडलर लहानपणी स्वतः तोतरे बोलत. पहिलाच प्रसंग १९२५ चा, वेम्बलीच्या मैदानावरचा: समोर हजारो लोक, हातात लिहिलेलं भाषण, आणि आवाज निघत नाही. फर्थ तिथे शब्दांची चाळवाचाळव करत नाही. त्याची मान ताठ होते, गळ्याशी काहीतरी अडकतं, डोळ्यांत लाज दाटते. वरचा फरक समजून घ्यायचा असेल तर हा प्रसंग आणि थेम्सकाठचा तो प्रसंग लागोपाठ बघा. दहा मिनिटांत काम होईल. मला विचाराल तर फर्थचं सर्वांत सुंदर काम याच्या आदल्या वर्षीचं, 'अ सिंगल मॅन'मधलं; पण तो वेगळा विषय.

'सभ्य, लाजाळू' हे विशेषण ग्रँटला १९९० च्या दशकापुरतंच शोभतं. २००१ च्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी'त दोघं समोरासमोर आले, आणि सभ्य, अवघडलेला माणूस झाला फर्थ. ग्रँटनं केला डॅनियल क्लीव्हर: देखणा, खोटारडा, गोड बोलून काम साधणारा साहेब. नीट ऐका, डॅनियल एकदाही चाचरत नाही. वाक्य सुरू होतं आणि सरळ लागायच्या ठिकाणी जाऊन लागतं. चाचरणं हे त्या नटाचं व्यंगही नव्हतं आणि सवयही नव्हती याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही. समोरचा, फर्थनं केलेला मार्क डार्सी तर कादंबरीकार हेलन फील्डिंग यांनी फर्थच्या टीव्हीवरच्या डार्सीवरूनच रचलेला. दुसऱ्या कादंबरीत ब्रिजेट चक्क कॉलिन फर्थ या नटाची मुलाखत घेते. स्वतःच्या सावलीवरून लिहिलेली भूमिका फर्थनं केली आणि तिला वजन दिलं.

पण चित्रपट बघताना माझी नजर डॅनियलकडेच जाते, हे लपवत नाही. पुढच्याच वर्षीच्या 'अबाउट अ बॉय'मध्ये ग्रँटनं याच आत्मकेंद्री माणसाला थोडं हृदय दिलं. माझ्या मते ती त्याची सर्वोत्तम विनोदी भूमिका. 'पॅडिंग्टन २'मधला उतरणीला लागलेला नट, 'अ व्हेरी इंग्लिश स्कँडल'मधला राजकारणी जेरेमी थॉर्प, हे सगळे डॅनियलचे भाऊबंद आहेत. ('पॅडिंग्टन'च्या पहिल्या भागात अस्वलाचा आवाज आधी फर्थ देणार होता, २०१४ मध्ये तो बाजूला झाला आणि बेन व्हिशॉ आला. इथेही लोक दोघांची अदलाबदल करतात.)

आणि २०२४ चा 'हेरेटिक'. दोन धर्मप्रचारक मुली एका घराचं दार वाजवतात, दार उघडतो ग्रँट. तेच हसू, तेच डोळे बारीक करणं, तीच आर्जवी नम्रता. जी लकब १९९४ मध्ये आपल्याला विरघळवत होती, तिचीच इथे भीती वाटते, कारण आता कळतं की हा माणूस बोलून बोलून समोरच्याला कोपऱ्यात नेतो. भयपटांच्या वाटेला मी सहसा जात नाही. हा दोनदा पाहिला.

ज्यांना अजूनही दोघं सारखेच वाटतात त्यांनी ब्रिजेटचा चौथा सिनेमा बघावा, २०२५ चा. मार्क वारलेला आहे. फर्थ येतो तो ब्रिजेटच्या मनात, क्षणभर, जवळजवळ न बोलता. डॅनियल आता म्हातारा झालाय, तिची आणि मार्कची मुलं सांभाळायला घरी येतो, आणि बोलतच राहतो.