दुरंगी चामडी पट्टा (इंदूर)

दुरंगी चामडी पट्टा : एकाच पट्टीवर चामड्याच्या दोन छटा शेजारी-शेजारी दिसतील अशा बेताने हाताने कापून, रंगवून व शिवून केलेला कमरेचा पट्टा. छटा बहुधा बदामी व काळी, किंवा बदामी व गडद तपकिरी. मर्दानी खेळातील पट्टा हे शस्त्र आणि जमिनीचा पट्टा येथे अभिप्रेत नाहीत. मात्र या सर्वांचे मूळ संस्कृत ‘पट्ट’ या एकाच शब्दात आहे. कचेरीतील शिपायाला मराठीत ‘पट्टेवाला’ म्हणत, ते त्याच्या पितळी बिल्ल्याच्या पट्ट्यावरून. तेव्हा पट्टा हा पोशाखाचा भाग होण्याआधी हुद्द्याची खूण होता, असे म्हणण्यास जागा आहे.

इंदुरात ही कारागिरी कोठून आली याबद्दल एकमत नाही. होळकरांच्या घोडदळाच्या सामानापासून ती निघाली, हे मत मराठी मंडळींत आवडीने सांगितले जाते. त्यातील अडचण अशी की मराठी खोगीर मुख्यतः कापडाचे आणि आत भरताड असलेले. ‘खोगीरभरती’ हा वाक्प्रचार त्याचीच आठवण. चामडे लागे ते तंग (खोगीर आवळण्याचा पट्टा), वाद्या व लगामाला. शिवाय अंगरखा व धोतराच्या पोशाखात कमरेला शेला बांधत. बकलाच्या पट्ट्याचे तिथे कामच नव्हते.

दुसरे मत शहराच्या प्रसिद्ध चामडी खेळण्यांकडे बोट दाखवते. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण तारेच्या सांगाड्यावर पातळ चामडे चढवून केलेल्या घोड्या-हरणांच्या कामाला ओढ सोसावी लागत नाही. पट्ट्याचे सगळे गणित ओढीचे आहे.

तिसरे मत इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीचे. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि त्याच सुमारास महूला इंग्रजी फौजेचा तळ पडला. पलटणीला जीन, लगाम व कमरपट्टे यांची सततची दुरुस्ती लागते, ती करणारे मोची छावणीच्या आसऱ्याने राहत. १८५८ मध्ये डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा, उजव्या खांद्यावरून तिरपी वादी घेणारा पट्टा पुढे लष्करात सर्वत्र रूढ झाला. बकल, कडी, दुपदरी शिलाई हे सर्व तंत्र याच घराण्याचे असल्याने महूचे मत अधिक ग्राह्य वाटते. नागरी पोशाखात पट्टा स्थिरावला तो बहुधा १९२० नंतर, विजारींना पट्ट्याची घरे सर्रास येऊ लागल्यावर.

चामडे पाठीच्या भागाचे घेतात. पोटाकडचे ताणले जाऊन पट्टा वाकडा होतो. जाडी ३.५ ते ४ मिमी. साल-हिरड्याने कमावलेले चामडे आणि क्रोमच्या क्षारांनी कमावलेले, म्हणजे क्रोमचे चामडे यांतील फरक येथे कळीचा आहे. बाभळीची साल वा हिरडा यांतील तुरट द्रव्य लोहाशी मिळाले की काळे होते. जुनी शाईही अशीच करीत. म्हणून हिराकशीच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्याचा एक थेंब कापलेल्या तुकड्यावर टाकला की सालीचे चामडे पाहता-पाहता निळसर काळे पडते, क्रोमचे बहुतांशी तसेच राहते. (क्रोमवर नंतर सालीचे पुट दिलेले असेल, तर थेंब फसवतो. मग काप पाहावा; निळसर करडा असेल तर ते क्रोमचे.) याच गुणामुळे रंग न आणताही दुरंगी पट्टा करता येतो : अर्ध्या भागाला हिराकस, उरलेल्याला नुसते तेल. हिराकस जास्त झाली तर मात्र चामडे कडक होऊन तडकते.

खरी कसोटी दोन छटांमधील रेषेची. पातळ रंग चामड्याच्या तंतूंतून आडवा धावतो आणि फिक्या भागात शिरतो. त्याला अडवण्यासाठी रेषेवर पट्टी धरून वरचा थर पातीने हलका चिरतात व चीर दाबून मिटवतात. फिका रंग आधी देतात आणि गडद मागून. गडद रंगाचा फडका जवळजवळ कोरडा करून रेषेपासून गडद भागाकडे ओढतात, फिक्याकडे कधीच नाही. एकदा शिरलेला काळा रंग निघत नाही. मग सबंध पट्टाच काळा करतात. बाजारातल्या काही एकरंगी पट्ट्यांचा जन्म असाच झाला असावा.

दुसरी रीत दोन चामड्यांची : रुंद गडद पट्टीवर अरुंद फिकी पट्टी चिकटवून शिवणे. येथे रेषेचा प्रश्न मिटतो, वळणाचा उभा राहतो. दोन्ही पदर २ मिमी जाड धरले तर पूर्ण वेटोळ्यात आतल्या पदराचा घेर बाहेरच्यापेक्षा सुमारे १२.५ मिमी कमी भरतो. सपाट फळीवर चिकटवलेला पट्टा कमरेला लावताच आतून सुरकुततो तो यामुळेच. म्हणून गोल साच्यावर वाकवून चिकटवतात.

शिलाई दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही टोके उलटसुलट जातात; एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून राहते. यंत्राच्या टाक्याला ही सोय नाही. दोरा शिवणीच्या सुमारे चौपट लागतो. बकलाकडचे टोक रांपीने (चामडे तासण्याच्या पातीने) निम्मे तासून दुमडतात. भोके पाच, सुमारे २५ मिमी अंतराने. माप बकलापासून मधल्या भोकापर्यंत घेतात. सहावे भोक कारागीर पाडत नाही. ते पुढे कधीतरी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे, उभ्या-उभ्या पाडून घेतले जाते आणि सहसा मधल्या रेषेवर नसते.